मुळा-मुठेपासून उजनीपर्यंत : पाण्याच्या अभ्यासात पाऊल ठेवणाऱ्यांसाठी

ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी कर्नल विल्यम हेन्री साइक्स १८२० च्या दशकात दख्खनभर हिंडला. मोजणी हे त्याचे काम होते. माणसे, पिके, पाऊस, पशुपक्षी, जे दिसेल त्याची तो नोंद करी. त्यातच त्याने नद्यांतले मासे जमवले, आणि दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कार्यवृत्तात छापून आला. त्यातले कित्येक मासे विज्ञानाला नवे होते. खुद्री, कोलस, नुक्ता अशी इथल्या मासेमारांकडून ऐकलेली नावेच त्याने त्यांना दिली आणि ती आजही जगभरच्या मत्स्यशास्त्रात चालतात. खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर. ज्या नमुन्यावरून या जातीचे वर्णन झाले तो पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर, मुळा-मुठेच्या पात्रात मिळाला होता.

साइक्सने त्या पाण्यातला प्राणवायू मोजला नव्हता. पाण्यातला प्राणवायू मोजायची पद्धत विंक्लरने शोधली १८८८ साली. तरीही साइक्सची यादी हाती असली, की त्या काळच्या मुळा-मुठेबद्दल बरेच काही खात्रीने सांगता येते. महसीराला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. अंडी घालायला गाळ न साचलेले गोटे आणि वाळू लागते, आणि पावसाळ्यात वरच्या अंगाला चढून जायला मोकळी वाट लागते. तो मासा तिथे होता, म्हणजे हे सारे तिथे होते. पुढे फ्रेझर (१९४२), सुटर (१९४४), टोणपी आणि मुल्हेरकर (१९६३), वाघ आणि घाटे (२००३) यांनी पुण्याच्या माशांच्या याद्या केल्या. या याद्या एकापाठोपाठ एक ठेवून वाचल्या तर सुमारे पावणेदोनशे वर्षांची नदी डोळ्यांपुढे येते. भारतातल्या फारच थोड्या नद्यांच्या वाट्याला अशी सलग नोंद आली आहे. त्याच पात्रात आज पुण्याच्या खालच्या अंगाला उन्हाळ्यात जाळे टाकले, तर चिलापी मिळते, मांगूर मिळतो, आणि बरेचदा काहीच मिळत नाही.

जलगुणवत्ता म्हटले की नवख्या अभ्यासकाच्या मनात प्रयोगशाळा येते. काचेच्या बाटल्या, अनुमापन, एक तक्ता आणि तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात ‘मर्यादेत’ किंवा ‘मर्यादेबाहेर’. हे सारे हवेच. मात्र पाण्याचा नमुना बाटली भरली त्या क्षणापुरता बोलतो. मासा त्याच्या अख्ख्या आयुष्याबद्दल बोलतो, आणि काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांची आठवण त्याहूनही मागे जाते. या साक्षी एकमेकींशी ताडून पाहायच्या, जिथे त्या जुळत नाहीत तिथे थांबून का जुळत नाहीत ते शोधायचे, हा या विषयाचा गाभा आहे असे मी मानतो. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, वैद्यक, कायदा यांपैकी कोणत्याही वाटेने तुम्ही इथे आलेले असा, किंवा भोयाच्या घरात जन्मून आलेले असा, तुमच्यासाठी इथे काम आहे.

सुरुवात प्राणवायूपासून करू. ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, समुद्रसपाटीला, लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. पुण्याच्या उंचीवर तो आणखी थोडा कमी भरतो. पाण्यातल्या प्राण्याची सारी शिल्लक एवढीच. त्यात शहराचे मैलापाणी आले, की त्यातले सेंद्रिय द्रव्य जिवाणू खाऊ लागतात आणि खाताना प्राणवायू वापरतात. किती वापरतील याचे माप म्हणजे बीओडी. या मापाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. मैलापाण्याविषयी नेमलेल्या ब्रिटनच्या शाही आयोगाने १९१२ च्या अहवालात पाच दिवसांची चाचणी रूढ केली. तिथल्या नद्यांचे पाणी समुद्राला मिळायला पाच दिवसांहून जास्त लागत नाहीत म्हणून पाच दिवस, असे सांगितले जाते. आपल्याकडे पाणी उबदार असते आणि जिवाणू लवकर काम करतात, म्हणून हीच चाचणी २७ अंशांवर तीन दिवसांची केली आहे. मुठेच्या पाण्याचा प्रवास मात्र तीन दिवसांचाही नाही आणि पाच दिवसांचाही नाही. ते मुळेला मिळते, पुढे भीमेत जाते, आणि उजनीच्या धरणात महिनोन्‌महिने थांबून राहते. बाटलीतली मुदत संपल्यावर नदीत काय घडत राहते, हा प्रश्न आपल्या नद्यांनी आपल्याला विचारलेला आहे आणि त्याचे उत्तरही आपल्यालाच शोधायचे आहे.

अमेरिकेत ओहायो नदीवर काम करताना स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ साली मांडलेले समीकरण प्रत्येक विद्यार्थी शिकतो. मैलापाणी मिसळले की प्राणवायू उतरत जातो, एका टप्प्यावर तळ गाठतो, आणि पुढे वाहता वाहता हवेतून प्राणवायू घेत पाणी सावरते. समीकरण सुंदर आहे, पण ते वाहत्या नदीचे आहे. खडकवासल्याच्या खाली, पावसाळा सोडला तर, मुठेत धरणाचे पाणी फारसे येतच नाही. पात्रात जे वाहते ते बहुतांशी शहरानेच सोडलेले असते. पुढे ठिकठिकाणी बंधारे आहेत, जलपर्णीचे हिरवे गालिचे आहेत, आणि त्या गालिच्याखाली ना उजेड पोचतो ना वारा. सावरायला लागणारी धाव या नदीला मिळत नाही.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यामुळे अनेक अहवालांची फसगत होते. नमुने घेणारा माणूस नोकरीच्या वेळेत येतो, म्हणजे सकाळी दहा-अकराच्या पुढे. हिरव्या, शेवाळलेल्या पाण्यात तेव्हा सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार होत असतो. कधी कधी तो संपृक्ततेच्याही वर जातो. रात्री उजेड नसतो, तेव्हा तेच शेवाळ, तेच जिवाणू आणि तळचा गाळ मिळून तो प्राणवायू संपवतात. सर्वांत कमी पातळी पहाटे, सूर्य उगवण्याच्या आधी असते. मासे मरतात ते तेव्हा. काठावरचा भोई पहाटे जाळे काढायला येतो तेव्हा त्याला मासे पृष्ठभागाशी तोंड वर करून हवा घेताना दिसतात. दुपारच्या नमुन्यात प्राणवायू सहा आणि पहाटे मेलेल्या माशांचा खच, यात विसंगती काहीच नाही. दोन्ही खरे आहे. चूक असेल तर ती दुपारच्या आकड्यावरून रात्रीचा निष्कर्ष काढण्यात आहे.

अमोनियाचेही असेच. मैलापाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. त्यातले आयन न झालेले रूप माशांच्या कल्ल्यांतून सहज आत जाते आणि विषारी ठरते. दोन्ही रूपांचे प्रमाण ठरते सामूवर आणि तापमानावर. २५ अंशांवर सामू ७ असेल तर विषारी वाटा शेकडा एकाहूनही कमी असतो. सामू ९ झाला की तो शेकडा पस्तीसच्या वर जातो. आणि सामू वाढवतो कोण? तेच शेवाळ, भर दुपारी, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून. म्हणजे दुपारी अमोनियाचा मार आणि पहाटे प्राणवायूचा उपास, एकाच माशाला एकाच दिवसात. यातून जो जगतो त्याची वाढ खुंटते, अंडी कमी होतात, कल्ले सुजतात, रोग लवकर जडतात. मेलेले मासे बातमीत येतात. खुंटलेले येत नाहीत. त्यांना शोधायला अभ्यासकालाच जावे लागते.

तळाकडेही पाहायला शिका. पात्रातला गोटा उचलून उलटा केला, की त्याला चिकटलेले कीटक, अळ्या, गोगलगायी पाण्याची हकीकत सांगू लागतात. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात या जीवांवरून प्रदूषणाच्या पायऱ्या ठरवल्या. तत्त्व साधे आहे. काही अळ्या थोडीही घाण सोसत नाहीत, काही थोडीफार सोसतात, आणि काही जीव प्राणवायू जवळजवळ नसतानाही तगतात. लाल अळ्या त्यांतल्याच. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असल्याने त्या अत्यल्प प्राणवायूवर निभावतात. पात्राच्या तळात लाल अळ्या आणि गाळातले बारीक लाल किडे यांखेरीज काही नसेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी बरेच कळलेले असते. दर महिन्याला घेतलेल्या नमुन्यातून जे निसटते, एखाद्या रात्री सोडून दिलेले आम्ल किंवा एखाद्या सुटीच्या दिवशी उघडलेला व्हॉल्व्ह, ते या जीवांतून निसटत नाही, कारण ते तिथे रात्रंदिवस असतात. युरोपात ही पद्धत सरकारी मोजमापाचा भाग झाली. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने यमुनेवर तिचे प्रयोग केले, पण ती सर्वत्र रुजली नाही. सह्याद्रीच्या ओढ्यांतल्या अळ्यांची मराठीतून ओळख करून देणारी, शाळेतल्या मुलांच्या हाती देता येईल अशी पुस्तिका व्हावी, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

आता उजनीकडे येऊ, कारण भीमेच्या खोऱ्यातल्या साऱ्या प्रश्नांची बेरीज तिथे होते. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी यांचे पाणी येते. म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांचे आणि त्यांच्याभोवतीच्या उद्योगांचे वापरून सोडलेले पाणी येते, आणि वरून उसाच्या पट्ट्यातल्या खतांचा निचरा. धरणाने ज्यांच्या जमिनी घेतल्या त्यांच्यातल्या अनेकांनी पुढे त्याच पाण्यावर मासेमारी धरली. भिगवणच्या काठावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि त्यांना पाहायला मुंबई-पुण्याची माणसे येतात. सोलापूर शहर इथले पाणी पिते. पंढरपूरच्या वाळवंटात वारकरी जिच्यात स्नान करतात ती चंद्रभागा म्हणजे उजनीच्या खालची भीमाच. पुण्यात नळ उघडणाऱ्याचा आणि पंढरीत ओंजळ भरणाऱ्याचा संबंध इतका थेट आहे.

उजनीचे पाणी हिरवे का पडते, हे समजण्यासाठी कॅनडात जाऊन यावे लागते. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली ओंटारिओतल्या एका छोट्या सरोवराच्या मधोमध पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातले, दुसऱ्यात त्याच्या जोडीला फॉस्फरसही. फॉस्फरस घातलेला भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. आकाशातून काढलेले त्याचे छायाचित्र या विषयातल्या सर्वाधिक प्रसिद्ध पुराव्यांपैकी एक आहे. त्यातून निघणारा धडा आपल्या शहरांना नीट कळलेला नाही. मैलापाणी शुद्धीकरणाचे नेहमीचे प्रकल्प बीओडी उतरवण्यासाठी बांधलेले असतात. मानवी मैला आणि कपडे धुण्याची पावडर यांतून येणारा फॉस्फरस काढायची खास सोय त्यात नसेल, तर त्याचा बराच भाग पुढे निघून जातो. केंद्र सरकारने २०१७ साली मैलापाण्याचे निकष अधिसूचित केले, त्यांत सामू, बीओडी, तरंगते घनपदार्थ आणि विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू एवढेच होते. नायट्रोजन आणि फॉस्फरस त्यांत नव्हते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये याहून कडक निकषांचा आग्रह धरला. पुण्यात जपानी अर्थसाहाय्यातून रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेचे अकरा नवे शुद्धीकरण प्रकल्प हाती घेतले गेले आणि ते हवेच आहेत. पण सारे प्रकल्प ठरल्याप्रमाणे चालले, बीओडी मर्यादेत आला, तरीही उजनी हिरवीच राहू शकते. शिवाय इतक्या वर्षांत धरणाच्या गाळात जो फॉस्फरस साठला आहे, तो तळचा प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात उतरतो. हे लवकर समजून घेतले नाही, तर उद्या लोक विचारतील की एवढे पैसे खर्चून पाणी हिरवेच कसे, आणि दोष अख्ख्या शुद्धीकरणालाच लागेल.

पाण्यामुळे माणसांना होणारे आजार हा या विषयाचा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत निकडीचा भाग आहे. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. एकोणतीस हजारांवर लोकांना कावीळ झाली. यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचे मैलापाणी वझिराबादच्या पाणी उपसा केंद्राकडे मागे आले, हे त्याचे कारण. पाण्याला नेहमीपेक्षा जास्त क्लोरीन दिले गेले होते, त्यामुळे विषमज्वर आणि हगवण वाढली नाही. कावीळ मात्र झाली, कारण तो विषाणू त्या क्लोरिनला पुरून उरला. जिवाणूंच्या कसोटीला उतरलेले पाणी निर्धोक असतेच असे नाही, हे त्या साथीने दाखवले. रुग्णांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले गेले होते. ते आणि पुढच्या साथींचे नमुने तपासून १९८० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले, की हा तोवर माहीत असलेल्या अ किंवा ब प्रकारचा आजार नाही. आज त्याला हिपॅटायटिस ई म्हणतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला तर शंभरातल्या दहा ते पंचवीस स्त्रिया दगावतात. प्रदूषणाची किंमत कोण चुकवतो, याचे याहून कठोर उत्तर मला ठाऊक नाही.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि त्यात माणसे दगावली. इचलकरंजी पंचगंगेवरचे गाव. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांच्या संगमातून कोल्हापूरजवळ ही नदी तयार होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. लांबी थोडी, पण त्या थोड्या लांबीत कोल्हापूर शहर, साखर कारखाने, इचलकरंजीचे कापड प्रक्रिया उद्योग आणि मोठमोठी गावे. शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच दिसला नाही असे वर्ष विरळा. त्यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे, म्हणजे फळ्या, घातले की पाणी अडते, सांडपाण्यातला गाळ तळाला बसतो, आणि त्या गाळाजवळचे पाणी प्राणवायूविना काळे पडते. बरगे काढले, किंवा वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला, की हे काळे, मळीमिश्रित पाणी एका लोंढ्याने खाली सुटते. त्या लोंढ्यात प्राणवायू खाणारे सारे द्रव्य एकदम ढवळून निघते आणि खालचे मासे काही तासांत मरतात. त्या दिवशी कोणत्याही कारखान्याने काही सोडलेले नसेल. सोडलेले असते ते आधीचे चार महिने. म्हणून ‘आज कोणी सोडले’ असे विचारणारी चौकशी बहुधा रिकाम्या हातांनी परतते.

काठावरच्या लोकांच्या साक्षीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण शिकलेल्या माणसाला ती हलकी वाटण्याचा धोका असतो. जपानमधल्या मिनामातात कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने झालेला आजार १९५६ साली अधिकृतपणे नोंदला गेला. त्याआधी कोळ्यांच्या वस्तीतली मांजरे झिंगून, झटके येऊन मरताना लोकांनी पाहिली होती. मांजरे मासे खात होती, माणसेही तेच मासे खात होती. शास्त्र तिथे मागाहून पोचले, आणि कारखान्याने दोष मान्य करायला त्याहून उशीर लावला. आपल्या दाभोळ खाडीच्या काठावरच्या भोई, खारवी, दालदी कुटुंबांनी लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीनंतर खाडीतली मासळी कशी घटली, कोणत्या जाती आधी गेल्या, कोणत्या भरतीला पाण्याचा रंग आणि वास बदलतो, हे वर्षानुवर्षे सांगितले आहे. हे ज्ञान नोंदवायचे तर त्याचीही शिस्त आहे. एकाच माणसाला न विचारता अनेकांना वेगवेगळे विचारायचे. ‘पूर्वी’ असे म्हटले तर कोणत्या वर्षाच्या आधी, धरणाच्या की पुराच्या की कोणाच्या लग्नाच्या, असा टेकू शोधायचा. जाळ्याचे माप बदलले का, होड्या वाढल्या का, बाहेरचे मासे कोणी सोडले का, हेही विचारायचे. उजनीत चिलापी आणि थाई मांगूर वाढले ते केवळ प्रदूषणामुळे नव्हे, माणसाने ते आणल्यामुळे. प्रदूषणाने त्यांचे प्रतिस्पर्धी दुबळे केले. दोन्ही कारणे वेगळी काढल्याशिवाय निदान नीट होत नाही आणि उपायही चुकतो. कोळी-भोयांच्या आठवणी इतक्या काळजीने तपासल्या तर त्या कोणत्याही न्यायालयात उभ्या राहतात.

औषधांचा प्रश्न नवा आहे आणि वेगाने मोठा होतो आहे. हैदराबादजवळच्या पटनचेरू इथल्या औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात २००७ साली स्वीडिश संशोधकांना सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे तीस मिलिग्रॅमच्या आसपास सापडले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. हे पाणी तेव्हा मांजरा नदीतून गोदावरीत जाई. मुठेच्या गाळाचा जनुकीय अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शहराच्या वरच्या गाळापेक्षा शहरातल्या गाळात प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके कितीतरी पटींनी जास्त आढळली. त्यांत डॉक्टर शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात त्या औषधांना निकामी करणारी जनुकेही होती. बीओडीच्या तक्त्यात यातले काहीही दिसत नाही. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या तरुणांनी या विषयाकडे वळावे असे मला मनापासून वाटते.

कायद्याकडे मी थोडक्यातच वळतो. पाण्याच्या प्रदूषणावर महाराष्ट्राने देशाआधी, १९६९ मध्ये कायदा केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापले. केंद्राचा जल कायदा १९७४ चा. इतक्या लवकर जागे झालेल्या राज्यात २०१८ च्या केंद्रीय यादीतल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३ पट्टे होते, आणि २०२२ च्या ३११ पैकी ५५. दोन्ही वेळा देशात सर्वाधिक. यात आपल्याकडे मोजणीची ठिकाणे जास्त असण्याचाही वाटा असेल, पण त्याने समाधान मानण्यासारखी स्थिती नाही. मला अधिक खुपते ते वर्गीकरण. केंद्रीय मंडळाने पाण्याचे उपयोगानुसार अ ते इ असे पाच वर्ग केले आहेत. वन्यजीव आणि मत्स्यव्यवसाय यांचा वर्ग चौथा. त्याच्या अटी तीनच: सामू, लिटरमागे किमान चार मिलिग्रॅम प्राणवायू आणि मुक्त अमोनियाची मर्यादा. कीटकनाशके नाहीत, जड धातू नाहीत, आणि पाण्यात मासे प्रत्यक्ष आहेत की नाहीत याची नोंदही नाही. माशांसाठीचे पाणी माशाला न विचारता ठरवले आहे. हा वर्ग नव्याने लिहिला गेला पाहिजे, आणि तो लिहिण्याइतका पुरावा जमवणे हे पुढच्या पिढीच्या अभ्यासकांचे काम आहे.

पुराव्याला तुलनेसाठी चांगली जागा लागते, आणि ती आपल्याकडे अजून आहे, यात मला मोठा दिलासा वाटतो. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत आणि वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे इथे देवाचे म्हणून राखलेले महसीर आहेत. त्यांना कोणी मारत नाही. लोणावळ्याला, इंद्रायणीच्या उगमाच्या प्रदेशात, डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि श्री. ओगले यांनी टाटांच्या वीज कंपनीच्या तळ्यांवर महसीराचे बीज तयार करण्याचे काम उभे केले. तिथून कितीतरी जलाशयांत पिल्ले गेली. पिल्ले सोडून नदी बरी होत नाही, हे खरे. पण जिथे ती तगतात आणि जिथे तगत नाहीत, त्या दोन्ही ठिकाणांची नोंद ठेवली तर आपल्या नद्यांच्या तब्येतीचा याहून बोलका नकाशा मिळणार नाही. राखीव डोहांचे पाणी, तळचे कीटक आणि प्रवाह यांची वर्षभराची सलग मोजणी मिळाली तर दख्खनच्या नदीला ‘निरोगी’ म्हणण्याचे माप आपल्याला इथल्याच पाण्यातून काढता येईल, युरोपातून आणावे लागणार नाही.

आता कामाला लागताना. एकच पट्टा निवडा, शक्यतो तुमच्या गावाजवळचा, चालत जाता येईल असा. तिथे किमान एक पूर्ण वर्ष राहा, म्हणजे पावसाळा, हिवाळा, उन्हाळा आणि वळवाचे दिवस यांतले काही निसटणार नाही. प्राणवायू पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा मोजा आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहा. पाण्याबरोबर तापमान, सामू आणि प्रवाह लिहायला विसरू नका. त्यांच्याविना बाकीचे आकडे मुके असतात. दर महिन्याला त्याच जागचे पाच-सहा गोटे उलटून पाहा. मेलेले मासे दिसले तर जात, अंदाजे संख्या, वेळ आणि कल्ल्यांचा रंग नोंदवा, आणि नमुना लगेच बर्फात ठेवा, कारण दुपारपर्यंत त्यातले बरेच निघून गेलेले असते. शुद्धीकरण प्रकल्पाच्या कर्मचाऱ्याशी ओळख करा. वीज किती वेळ जाते, पावसात किती पाणी न शुद्ध करता सोडावे लागते, हे तो जितके सांगेल तितके कोणत्याही अहवालात मिळणार नाही, आणि त्याचे काम आपण समजतो त्याहून कठीण असते. साइक्स, फ्रेझर, टोणपी आणि मुल्हेरकर यांच्या याद्या ग्रंथालयातून काढून सोबत ठेवा. पहिल्या वर्षी निष्कर्ष काढायची घाई नको. दुसऱ्या वर्षी तुमची वही त्या पट्ट्याच्या ग्रामपंचायतीपुढे आणि तिथल्या भोयांपुढे मराठीत वाचून दाखवा, आणि ते ज्या ओळींवर हरकत घेतील त्या ओळी पुन्हा मोजा.